काड्यांची बाग

जिल्हा न्यायाधीश पहिल्यांदा आमच्या दारात आले, तेव्हा आईला वाटलं, ते सांडपाण्याची तक्रार करायला आले आहेत. आमच्या मोरीचं पाणी त्यांच्या बंगल्याच्या भिंतीकडे वाहायचं आणि त्यावरून आधीच्या शेजाऱ्यांशी आईची थोडी बोलाचाली झाली होती. आईने घाईघाईने खुर्ची पुसली आणि मला चहाला पिटाळलं. साहेब बसले नाहीत. दारातच उभे राहून, कुणी कोर्टात अर्ज करावा तशा आवाजात म्हणाले, "तुमच्या भिंतीच्या कडेला एक गवत उगवलंय. हरकत नसेल तर मी ते जरा बघू का?"

वडिलांची जळगावहून धुळ्याला बदली होऊन फार दिवस झाले नव्हते. मी वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झाले होते आणि घरी बसले होते. शाळा इंग्रजी, वसतिगृह इंग्रजी, त्यामुळे मराठी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवायचे, आणि ते जुळेपर्यंत बोलण्याचा विषय बदललेला असायचा. लोक म्हणायचे, मुलगी शांत आहे. मला ते सोयीचं होतं. घरात माझ्या लग्नाचं बघणं चालू होतं, पण त्याबद्दल इथं लिहिण्यासारखं काही नाही.

साहेब भिंतीपाशी उकिडवे बसले. कोटाच्या खिशातून भिंग काढलं. मी चहाचा कप धरून मागे उभी होते. त्यांनी मान न वळवता विचारलं, हे काय आहे ते सांगता येईल का? माझ्या तोंडून त्या गवताचं शास्त्रीय नाव निघून गेलं. ते खूश झाले. मग विचारलं, लोक याला काय म्हणतात? ते मला माहीत नव्हतं. "म्हणजे अर्धी ओळख झाली," ते म्हणाले, आणि चहा उकिडवे बसूनच प्यायले.

त्यानंतर मी त्यांच्याकडे जाऊ लागले. कागदावर पानं-फुलं काढायचं काम त्यांनी मला दिलं. बोलावं लागत नाही असं ते काम होतं. त्यांना काय म्हणावं हे न कळल्यामुळे मी बरेच दिवस त्यांना काहीच म्हणत नव्हते. समोर जाऊन उभी राहायचे. त्यांच्या पत्नीला मात्र काकू म्हणायला सोपं गेलं. काकू जळगावच्याच. त्यांच्या दिवाणखान्यात कायद्याच्या जाड ग्रंथांखाली जुन्या वर्तमानपत्रांत झाडपाला दाबून ठेवलेला असायचा. काकू म्हणायच्या, कायद्याचा एवढा उपयोग दुसऱ्या कुठल्याच घरात होत नसेल. एकदा त्यांनी भाकरीचा समजून डबा उघडला तर आत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं शेवाळ निघालं होतं. साहेब त्या दिवशी कोर्टात भाकरी घेऊन गेले होते की दुसरं काही, हे मी विचारलं नाही.

साहेबांच्या मनात एक बाग होती. धुळ्यात बागा नव्हत्या असं नाही. पण त्यांना गुलाब, क्रोटन आणि कारंजं असलेली बाग नको होती. खानदेशात जी झाडं आपणहून येतात, ती सगळी एका ठिकाणी असावीत, प्रत्येकाच्या पायाशी लोक म्हणतात ते नाव लिहिलेलं असावं, आणि शाळेतल्या मुलांनी ती हात लावून बघावीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक त्यांना मिळाले. दोघांनी मिळून नगरपालिकेकडून पांझरा नदीच्या काठाजवळची एक मोकळी जागा मिळवली. कापसाच्या हंगामात तिथं बैलगाड्या थांबायच्या. नगरपालिकेने जागा दिली ती बोलीवर. दोन वर्षं बघू, बाग झाली तर राहू दे, नाहीतर जागा परत.

रविवारी साहेब, प्राध्यापक आणि कधी काकू जीपमधून सातपुड्याकडे जायचे आणि रोपं घेऊन यायचे. अंजन, सालई, पळस, पांगारा, धावडा, मोई. पहिल्या पावसाळ्यात लावलेली बरीच जगली. साहेबांचा नियम कडक होता. पहिलं वर्ष पाणी द्यायचं, नंतर नाही. इथलं झाड आहे, त्याने इथल्यासारखं जगायला शिकलं पाहिजे. पाण्याची झारी मग पहारेकऱ्याच्या खोलीत जाऊन बसली.

एकाच रोपाबद्दल साहेब हळवे होते. कांडोळ. याचं खोड मोठेपणी पांढरंफटक होतं, रात्री डोंगरात उभं दिसलं की माणूस दचकतो, म्हणून काही लोक त्याला भुत्या म्हणतात. हे रोप साहेबांनी खडकाच्या फटीतून स्वतः सोडवलं होतं आणि येताना पूर्ण रस्ताभर मांडीवर धरलं होतं. काकू सांगायच्या, आमची मुलं लहान होती तेव्हा यांनी एवढा वेळ मांडीवर घेतलेली मला आठवत नाहीत. बागेत एका कोपऱ्यात कडुनिंबाचं जुनं झाड होतं. त्याच्याजवळ कांडोळ लावला. कोर्टातून सुटल्यावर साहेब फिरायला म्हणून रोज संध्याकाळी एकटेच तिकडे जात.

आता या झाडांची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडची बहुतेक रानझाडं हिवाळा सरता सरता पानं टाकून देतात आणि उन्हाळा तसाच काढतात. रानात ते कुणाला खटकत नाही. पण तारेच्या कुंपणात ओळीने लावलेली छातीएवढी रोपं मार्चमध्ये नुसत्या काड्या दिसतात. पहिल्या वर्षी रोपं इतकी लहान होती की कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या वर्षी गेलं. गावात लोक तिला काड्यांची बाग म्हणू लागले.

नगरपालिकेने पाहणी ठेवली ती नेमकी मार्चमध्येच. अंदाजपत्रक मंजूर व्हायचं होतं, जागेचा निकाल त्याआधी लागायला हवा होता. कापसाच्या व्यापाऱ्यांना जागा परत हवी होती. त्या हंगामात गाड्यांची रांग पारोळ्याच्या रस्त्यावर लांबवर गेली होती आणि त्यावरून भांडणं झाली होती. तेव्हा त्यांचंही चुकत होतं असं नाही.

प्राध्यापकांनी साहेबांना सांगितलं, पाहणी जुलैत ठेवा असा दोन ओळींचा अर्ज द्या. जुलैत सगळं हिरवंगार असेल, प्रश्नच मिटेल. अध्यक्ष नाही म्हणणार नाहीत. साहेबांनी अर्ज द्यायला नकार दिला. समोरचा पक्ष तयार असताना आपण तारीख मागायची हा वेळकाढूपणा आहे, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर त्यांनी त्यावरून वकिलांची कानउघाडणी केली होती.

काकू तेव्हा शेंगदाणे निवडत होत्या. म्हणाल्या, "साऱ्या जिल्ह्याला तारखा देता, एक स्वतःला घेतली तर छत कोसळेल का?"

साहेब म्हणाले, छत नाही, पण सवय कोसळेल.

दुसरा नियमही त्यांनी स्वतःला घालून घेतला. पाहणीच्या वेळी ते एक शब्द बोलणार नव्हते. नगरपालिकेच्या सदस्यांपैकी कुणाचं ना कुणाचं प्रकरण त्यांच्यापुढे असायचंच. न्यायाधीशाने काही मागितलं की ते मागणं राहत नाही, असं ते म्हणाले. बोलायचं ते प्राध्यापक बोलतील.

पाहणीच्या आदल्या दिवशी प्राध्यापकांना गालगुंड झालं. मी आणि काकू त्यांना बघायला गेलो तर ते मफलर बांधून खाटेवर बसले होते आणि दोन्ही गाल असे फुगले होते की त्यांना हसू नका म्हणायलाही जमत नव्हतं. त्यांनी बोटाने माझ्याकडे खूण केली. आधी मला कळलं नाही. काकूंना लगेच कळलं.

मी नाही म्हणाले. हे मी स्पष्ट आणि मराठीत म्हणाले. काकूंनी आग्रह केला नाही. रस्त्यात एवढंच म्हणाल्या, "बाग गेली तर हे काही बोलणार नाहीत. तेच मला बघवणार नाही."

सकाळी मी गेले. जाणार आहे असं घरी सांगितलं नव्हतं. आईने उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील, एवढंच सांगितलं.

साहेब कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते, हात मांडीवर, नजर समोर. कोर्टात आरोपी बसतात ते तसेच बसत असावेत. कांडोळ त्यांच्या उजव्या हाताला होता. काकूंनी माठ भरून ठेवला होता. मंडळी आली, काही टांग्यातून, काही नगराध्यक्षांच्या मोटारीतून. नगराध्यक्ष म्हणजे एक मारवाडी शेठ. त्यांचं कापसाची सरकी काढायचं जिनिंग होतं. बागेच्या कुंपणाची तार त्यांनीच दिली होती आणि गाड्यांची जागा परत मागणाऱ्यांतही तेच पुढे होते. दोन्ही गोष्टी ते सारख्याच आनंदाने करत. त्यांच्याबरोबर एक वयस्कर सदस्य होते, शेतकरी माणूस, पांढरं धोतर, हातात काठी. त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण शस्त्रक्रियेला ते तयार नव्हते.

आबांनी आत शिरल्या शिरल्या पहिल्या रोपाला काठीने टोचलं. मग पुढच्याला. "हाई बाग शे?" ते अहिराणीत म्हणाले. "बठ्ठ्या काड्याच शेतस ना." बठ्ठ्या म्हणजे सगळ्या.

मागून कुणीतरी म्हणालं, होळी जवळ आलीय, लाकडाची सोय झाली. सगळे हसले. शेठही हसले, मग साहेबांकडे बघून त्यांनी हसू आवरलं. साहेब हलले नाहीत.

शेठनी विचारलं, बागेच्या वतीने कोण बोलणार? मी पुढे झाले आणि काहीतरी बोलले. ते मलाही ऐकू आलं नाही.

"जोरात बोल, बेटी," शेठ म्हणाले. "जिनिंगच्या आवाजात माझे कान गेले."

मी पाठ केलेलं सगळं विसरले. जवळ अंजनाचं रोप होतं. मी त्याच्या खोडावर अंगठ्याचं नख हलकं ओढलं. वरची करडी साल निघाली आणि खाली हिरवी रेघ उमटली, कोवळ्या वाटाण्यासारखी. झाड जिवंत आहे का ते असं बघतात. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवलेलं. मी म्हणाले, ही मेलेली नाहीत, पानं टाकून बसली आहेत. पाऊस आला की येतील.

शेठ वाकून बघू लागले. आबा म्हणाले, एक दाखवलं, बाकीच्यांचं काय? बागेतल्या माणसाने निवडलेलं झाड हिरवंच निघणार.

हे बरोबर होतं. मी म्हणाले, मग तुम्ही निवडा.

मी ते आबांना म्हटलं होतं, पण ते ऐकून सगळेच निवडायला लागले. टोप्या घातलेले, उपरणी सांभाळणारे मोठमोठे लोक रोपांच्या ओळींत शिरले आणि नखं लावू लागले. कुणी ओरडून दुसऱ्याला बोलावलं, माझं बघ किती हिरवं आहे. एकाने चष्मा काढून खात्री केली. एकाला पांगाऱ्याचा काटा लागला आणि बाकीच्यांनी त्याला, मेलेलं झाड चावत नाही, म्हणून चिडवलं. मी त्यांच्यामागून धावत होते, हळू, एकाला एकदाच, सोलू नका, असं सांगत. नगरपालिकेने जागा ठेवली तरी या लोकांच्या नखांतून रोपं वाचतील की नाही अशी मला भीती वाटत होती. आता माझा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता.

आबा मात्र कुणाच्या मागे गेले नाहीत. ते काठी टेकत सावकाश कडुनिंबाकडे आले, साहेबांना रामराम केला आणि कांडोळापाशी थांबले. "मी हाई निवडं," ते म्हणाले. "नख तू लाव, माय. माले दिसत नही."

मी नख ओढलं. साल सुटून आली. खाली तपकिरी होतं, कोरडं. मी थोडं खाली, दुसऱ्या बाजूने ओढलं. तिथंही तेच. अगदी जमिनीलगत बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की याला आजवर कुणीच नख लावलं नव्हतं. साहेबांनी लावू दिलं नसतं.

बाकीचे लांब ओळींत गुंतले होते. शेठ त्यांच्या अंजनापाशी होते. आबांना दिसत नव्हतं. ते मान तिरकी करून माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"हिरवं शे का?" त्यांनी विचारलं.

मी साहेबांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. रोपाकडे बघत होते, आणि त्यांना खुर्चीतूनही दिसलं असणार. त्यांनी काही खूण केली नाही. करणार नाहीत हे मला माहीत होतं. नाही म्हणायचं तर आबांचं मत बागेच्या विरुद्ध पडणार, आणि आबांच्या मागे निम्मे सदस्य होते. हो म्हणायला एक शब्द पुरला असता.

"नाही आबा," मी म्हणाले. "हे मेलंय."

आबांनी काठीने जमिनीवर टकटक केलं आणि मोठ्याने सगळ्यांना हाक मारली. मंडळी गोळा झाली. आबांनी सांगितलं, या साहेबांच्या शेजारचं झाड मेलंय, आणि हे या पोरीनेच सांगितलं.

शेठ साहेबांकडे बघून चुकचुकले.

"चुकचुक काब्रं करस शेठ?" आबा म्हणाले. "मरेलले मरेल म्हनस ही पोर. मंग जित्तं म्हनस ते जित्तंच व्हई." मेलेल्याला मी मेलं म्हटलं होतं, म्हणून जिवंत म्हटलेलंही त्यांनी जिवंत धरलं.

पुढचं बोलणं लांबलं. आबांची शंका निराळीच होती. रानात फुकट असणारी झाडं कुंपणात कशाला, हे त्यांना पटत नव्हतं. मी म्हणाले, रान आता धुळ्यापासून लांब गेलंय, शाळेतली मुलं तिथं कशी जातील? आबांनी विचार केला आणि सांगितलं की त्यांच्या लहानपणी रान गावाच्या वेशीपर्यंत होतं. शेठना गाड्यांची चिंता होती. शेवटी त्यांनीच तोड काढली. रस्त्याकडेची एक पट्टी गाड्यांना, कुंपण तेवढं आत सरकवायचं, तार त्यांची. बाग राहील. एका सदस्याने अट घातली, मार्चमध्ये कुणी आलं तर त्याला समजावून सांगायला माणूस हवा, आणि ती ही मुलगी असावी. अशा रीतीने मी बागेच्या समितीवर आले. मला कुणी विचारलं नाही. घरी सांगितल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो, समितीत सगळे पुरुषच आहेत का? मी म्हणाले, काकू पाणी द्यायला असतात.

मंडळी गेल्यावर साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी कांडोळ दोन्ही हातांनी धरून ओढला. तो सहज निघून आला. मुळं काळी पडली होती, मऊ, आणि त्यांना साचलेल्या पाण्याचा वास येत होता. साहेबांनी ती बराच वेळ बघितली.

"मी याला पाणी घालत होतो," ते म्हणाले. "रोज संध्याकाळी."

काकूंनी पदराने तोंड झाकलं. हसत होत्या. खडकात वाढणारं झाड, आणि त्याला रोज कोर्टातून येऊन झारीने पाणी. बाकी सगळ्यांना नियम, आणि याला लाड. साहेबांनी काकूंना हसू दिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तू बरोबर केलंस, आणि याच्यावर अपील होत नाही. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा काका म्हणाले. घरी चला, ऊन वाढलंय, एवढंच ते वाक्य होतं.

जूनअखेर सगळी रोपं पानांनी भरली. एक गोष्ट मात्र आम्ही कुणीच धरून चाललो नव्हतो. सदस्य पुन्हा येऊ लागले, पाहणी नसताना, बायका-मुलांना घेऊन. ज्याने ज्या रोपाला नख लावलं होतं ते त्याचं झालं होतं. नखाची खूण भरून तिथं बारीक गाठ आली होती, ती ते घरच्यांना दाखवायचे. शेठनी अंजन मोजायला छत्रीची काठी आणली आणि माझ्याकडे तक्रार केली की शेजारचा पळस जास्त वाढतोय, त्याला कुणी काही घालतं का? मी सांगितलं, अंजन आधी खाली वाढतो, मग वर. ते त्यांना धंद्यासारखंच वाटलं आणि पटलं.

आबा एकटे आले. कडुनिंबाजवळ त्यांनी काठीने चाचपलं, पण ती जागा रिकामी होती.

"बठ्ठासले झाडे," ते म्हणाले. "मन्हं कोठे शे?"

मग पुढच्या रविवारी जीपमध्ये काकांबरोबर आबाही बसले. मीही गेले. आबांना दिसत नव्हतं, पण कुठल्या नाल्याच्या वरच्या अंगाला कांडोळ आहेत हे ते वळणावळणाला सांगत होते आणि निम्म्या वेळा चुकत होते. एक रोप मिळालं. बागेत आम्ही मुरमाचा आणि दगडांचा ढीग केला, त्यात ते बसवलं. पाऊस पडून गेला होता, तरी पहारेकऱ्याने सवयीने झारी भरून आणून ठेवली.

काका झारीकडे बघत होते. त्यांनी हात पाठीमागे बांधले होते. आबांना झारी दिसली नसावी, पण पाण्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. "साहेबले लांब बसाड," ते मला म्हणाले. मी झारी उचलली आणि पलीकडच्या ओळीतल्या नव्या पळसाला ओतून आले. परत आले तेव्हा दोघं दगडांवर बसून, हे झाड मोठं झाल्यावर किती उंच होईल, यावर वाद घालत होते, आणि दोघांपैकी कुणीही माघार घेत नव्हतं.